माशाचें नांव काय?

मुलांच्या खिशांत काय काय सांपडतें याची यादी करावयाची झाली, तर ती एखाद्या वाण्याच्या दुकानापेक्षां लांब होईल. चिंचोके, गोट्या, पतंगाचा दोरा, मोराचें पीस, शिंपले, गुळगुळीत गोटे, आणि क्वचित् एखादें मेलेलें फुलपांखरूं सुद्धां. आम्हां वडील मंडळींच्या दृष्टीनें हा सारा केर असतो. घरोघरच्या माउल्या कपडे धुण्यास टाकण्यापूर्वीं खिसे उलटे करतात, आणि मुलाच्या चार दिवसांच्या मिळकतीची क्षणांत विल्हेवाट लागते. या केराविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते लिहिण्याचा अधिकार मला एका अपराधामुळें प्राप्त झाला आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमचें मूळ घर नेवासें तालुक्यांत, प्रवरेच्या कांठीं आहे. मी नोकरीनिमित्त नगरास, धाकटे बंधु पुण्यास, आणि ती. आई मात्र गांवच्या वाड्यांत, अशी कुटुंबाची तीन ठिकाणीं वांटणी झालेली असली, तरी दिवाळीस आणि मेच्या सुटींत सारीं पानें एकाच पंक्तीला मांडलीं जातात. धाकट्या बंधूंच्या मुलाला दगडांचा नाद आहे. सुटी लागली कीं तो नदीवर, आणि नदीवरून परतला कीं त्याचे खिसे जड. हे दगड तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवीत असे. दर सुटींत डबा खालीं यावयाचा, दगड ओट्यावर मांडले जावयाचे, त्यांचीं कुळें आणि गोत्रें नव्यानें ठरावयाचीं, आणि डबा पुन्हां माळ्यावर जावयाचा.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या आधीं घर आवरण्यासाठीं मी गांवीं गेलों होतों. माळा झाडतांना तो डबा हातीं लागला. उघडून पाहतों तों आंत दगड! मीं तो गड्याच्या हातीं दिला आणि सांगितलें, "हे दगड उकिरड्यावर टाक, आणि डबा चांगला घांसून आण. चिवडा ठेवावयास होईल." काम झालें, आणि मी तें विसरूनहि गेलों.

दिवाळीस मुलगा आला. आल्या पावलीं माळ्यावर चढला आणि तसाच खालीं उतरला. डबा त्याला स्वयंपाकघरांत दिसला. तो रडला असता, तर मीं त्याची समजूत घातली असती, चार आकाशकंदील जास्त आणून दिले असते. पण तो रडलाहि नाहीं आणि बोललाहि नाहीं. त्या दिवाळींत त्यानें चिवड्याला हात लावला नाहीं, हें त्याच्या आईनें मला पुढें पुष्कळ दिवसांनीं सांगितलें. आणि त्यानंतरच्या सुटींत तो नदीवर गेला, पोहला, पण रिकाम्या खिशांनीं परत आला. घरांतील केर कमी झाला म्हणून कोणालाहि वाईट वाटलें नाहीं.

माझे डोळे उघडले ते त्याच हिंवाळ्यांत, पुण्यास. एका स्नेह्यांबरोबर डेक्कन कॉलेजचें पुराणवस्तुसंग्रहालय पाहण्याचा योग आला. कांचेच्या कपाटांत दगड मांडलेले होते. पहिल्या दृष्टीस ते नदींतल्या कोणत्याहि दगडांसारखेच दिसत. नीट पाहतां कळे कीं त्यांची कड कोणीतरी दोन्ही अंगांनीं ठोकून, कपचे उडवून धारदार केली आहे. तळहातांत बसेल असा बदामाच्या आकाराचा तो दगड म्हणजे आदिमानवाची हातकुऱ्हाड. ही प्रवरेच्या खोऱ्यांतली म्हणून माझ्या स्नेह्यांनीं बोट दाखविलें, आणि मला तो घांसलेला, चकचकीत, चिवड्याचा डबा आठवला. त्यांत असला एखादा दगड होता कीं नव्हता, हें मला आतां कधींच कळणार नाहीं. उकिरड्याचें खत त्याच वर्षीं शेतांत गेलें होतें.

आपला बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून वितळलेला रस बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. अकोलें तालुक्यांतील कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर अशाच थरांचें बनलेलें आहे. अशा तप्त रसांत प्राण्याचें हाड टिकत नाहीं. म्हणून डोंगरांतील काळा दगड फोडून प्रचंड सरड्यांचीं हाडें शोधणाऱ्या मुलांची निराशा होते. त्याच्या पोकळ्यांत मात्र पांढरे, गुलाबी, क्वचित् हिरवट स्फटिक सांपडतात. विहीर खणतांना निघालेल्या ढिगांत ते आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील.

हाडें हवीं असतील तर डोंगर सोडून नदीच्या दरडीकडे वळलें पाहिजे. प्रवरा आणि गोदावरी यांच्या कांठीं उंच दरडी आहेत. त्यांच्या तळाशीं गोटे आणि वाळू चुनखडीनें एकजीव होऊन बनलेला टणक थर असतो, आणि त्यावर मातीचे व गाळाचे थर. जुन्या काळच्या पुरानें वाहून आणलेलीं हाडें त्या गोट्यांच्या थरांत गाडलीं गेलीं. हळूहळू त्यांत पाण्यांतील खनिजें मुरलीं, आणि हाडाचा दगड झाला. असें हाड हातांत घेतलें तर तें अपेक्षेपेक्षां जड लागतें.

या थरांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष फार पूर्वींच गेलें होतें. शेवगांव तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं मुंगी हें गांव आहे; मुंगी-पैठण असें जोडीनेंच त्याचें नांव घेतात. १८६५ च्या सुमारास सरकारी भूस्तरखात्यांतील वाइन नांवाच्या अधिकाऱ्याला तेथील हाडांच्या थरांत अकीकाचा एक छिलका सांपडला, आणि खात्याचे प्रमुख ओल्डहॅम यांनीं १८६८ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मद्रासजवळ पल्लवरम येथें ब्रूस फूट यांना भारतांतील पहिलें पुराश्मयुगीन हत्यार १८६३ सालीं मिळालें होतें. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यानेंहि साक्ष दिली. साक्ष कसली, तर ज्या काळीं आतां नामशेष झालेले प्राणी गोदावरीचें पाणी पीत होते, त्या काळीं त्याच कांठीं दगड फोडणारा मनुष्यहि होता! गोदावरीच्याच वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वर येथें एका जातीच्या पुरातन हत्तीची कवटी मिळाली. पिल्ग्रिम या भूस्तरशास्त्रज्ञानें १९०५ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली.

पुढें १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं नेवाशास उत्खनन केलें. ज्ञानेश्वरीमुळें ज्या गांवाचें नांव आपण आदरानें घेतों, त्याच्याच लाडमोड टेकडीच्या पोटांत आणि प्रवरेच्या दरडींत मनुष्याच्या इतिहासाचीं पानें एकावर एक रचलेलीं निघालीं. नदीच्या थरांत दगडी हत्यारांसोबत 'बॉस नामाडिकस' या पुरातन रानबैलाचे अवशेषहि मिळाले. त्या नांवांत आपल्या नर्मदेचें नांव आहे. हातकुऱ्हाडींच्या नंतरच्या काळांतील लहान छिलक्यांच्या हत्यारांची जी परंपरा येथें प्रथम थरवार ओळखतां आली, तिला विद्वानांनीं 'नेवासियन' असेंच नांव दिलें. १९६६ पासून गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषींनीं नेवाशाजवळील चिरकी नाल्यावर कित्येक हंगाम खोदकाम केलें आणि आदिमानवाच्या वस्तीची जागा उजेडांत आणली. याच बाई पुढें इथिओपियांतील हदरच्या प्रसिद्ध संशोधनांत सहभागी झाल्या. परदेशची स्त्री आमच्या नाल्याकांठीं उन्हांत बसून दगड वेंचते, आणि आम्ही आमच्या मुलानें वेंचलेले दगड उकिरड्यावर टाकतों!

हें सगळें वाचून झाल्यावर स्वस्थ बसवेना. पुढच्या मेच्या सुटींत मीं मुलाला म्हटलें, "चल, नदीवर जाऊं. दगड शोधूं."

तो म्हणाला, "कशाला, काका? तुम्ही पुन्हां टाकून द्याल."

घरांतील वडील माणसानें मुलापुढें चूक कबूल करण्याचा आपल्याकडे प्रघात नाहीं. मला तें जड गेलें, पण मीं म्हटलें, "मी चुकलों. पुन्हां असें होणार नाहीं." त्यानें कांहीं क्षण माझ्याकडे पाहिलें आणि पायांत चपला घातल्या.

उन्हाळ्यानें पाणी आटलें होतें. उताराच्या जागीं गोट्यांमधून एक धार तेवढी वाहत होती, आणि तेथें एक म्हातारा भोई जाळें झटकीत बसला होता. जाळ्यांतून चार बोटें लांबीचा एक मासा निसटून दगडावर पडला. मुलानें तो आमच्या पितळी तांब्यांत घेतला आणि मला विचारलें, "काका, या माशाचें नांव काय?"

वाचकहो, मी पदवीधर आहें. या नदींत मी पन्नास वर्षें पोहत आलों आहें. कालिदासाच्या काव्यांतील पक्ष्यांचीं आणि फुलांचीं नांवें मला पाठ आहेत. त्या प्रश्नाला मला उत्तर देतां आलें नाहीं. मासा तो मासा, याहून अधिक कांहीं जाणण्याचा प्रसंग आमच्या घरांत कधींच आला नव्हता. शेवटीं मीं म्हाताऱ्याला विचारलें, "आबा, हा कोणता हो?"

"ह्यो मळ्या," ते म्हणाले. "पाण्याला कितीबी ओढ असूंद्या, ह्यो दगड सोडत न्हाई."

त्यांनीं मासा उलटा करून दाखविला. त्याच्या तोंडाखालीं, हनुवटीच्या जागीं, वाटोळी मांसल चकती होती. तिच्या आधारें तो वाहत्या पाण्यांत खडकाला चिकटून राहतो. आबांनीं आणखी एक सांगितलें, "आतां जाळ्यांत निम्म्याहून जास्ती चिलापीच घावती. मळ्याला कोन विचारतंय? माझ्या नातवाला सुदीक त्याचं नांव ठाव न्हाई."

मासा घरीं आला. मुलानें तो उत्साहाच्या भरांत परातींत सोडला, आणि स्वयंपाकघरांत जो गहजब उडाला तो सांगण्याची गरज नाहीं. ती. आईचें वय चौऱ्यांशी. तिनें परात बाहेर काढविली, मासा मातीच्या कुंड्यांत घालविला आणि कुंडें अंगणांत ठेवविलें. पण सोंवळें सांभाळून झाल्यावर ती स्वतःच अंगणांत येऊन त्या कुंड्यावर वांकली. मासा कडेला चिकटून उभा होता. पाणी ढवळलें तरी हालेना. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आम्ही घाटावर धुणें धूत असूं, तेव्हां मरळ दिसे. तिचीं पिल्लें तांबडीं लाल, घोळक्यानें फिरतात. आणि ती खालून राखण करते. पिल्लांत कोणी हात घातला तर अंगावर येते. माझी सासू म्हणे, मरळीच्या पिल्लांवर खडा मारूं नये."

पन्नास वर्षांत आईच्या तोंडून हें मीं कधीं ऐकलें नव्हतें. कारण तिला कोणीं कधीं विचारलेंच नव्हतें. मरळ जातीचे मासे आपल्या पिल्लांची राखण करतात, हें शास्त्रग्रंथांतहि लिहिलेलें आहे. आमच्या घरांत तें तीन पिढ्यांपासून ठाऊक होतें, आणि तरीहि आमच्या घरांत माशाविषयीं कोणाला कांहीं ठाऊक नाहीं असें आम्ही समजत होतों! मळ्याला त्याच संध्याकाळीं आम्हीं नदींत सोडून दिलें.

रात्रीं मुलानें मोबाईलवर शोध घेतला, आणि तो धांवत माझ्याकडे आला. मळ्याचें शास्त्रीय नांव होतें 'गारा मल्या'. लॅटिन म्हणून जगभर मान्य झालेल्या त्या नांवाचा दुसरा शब्द आपल्या भोयाच्या तोंडचा!

या नांवामागें एक मनुष्य आहे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यांतील अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्यानें ताब्यांत आलेल्या दक्षिणेची तपशीलवार माहिती गोळा करण्याचें काम सरकारनें १८२४ सालीं त्याच्याकडे सोंपविलें. पुणें, नगर, खानदेश, धारवाड अशा जिल्ह्यांतून तो हिंडला. लोकसंख्या, पिकें, मापें यांच्या नोंदी करतां करतां त्यानें पक्षी, पशु आणि मासे यांच्याहि नोंदी केल्या. दक्षिणेंतील माशांवरचा त्याचा निबंध १८३८ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें आला आणि १८४१ सालीं चित्रांसह त्या मंडळाच्या ग्रंथांत छापला गेला. त्यांत चाळिसांहून अधिक जातींचें वर्णन आहे. कांहीं माशांना त्यानें विलायतेंतील व येथील थोरांचीं नांवें दिलीं. एका सर्पाकृति माशाला तर गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांचें. परंतु पुष्कळांना त्यानें येथल्या लोकांच्या तोंडीं असलेलींच नांवें ठेविलीं. खुदरी, कोळस, पोटेल, बोगट, शिंगटी, मळ्या हीं नांवें, साइक्सच्या कानाला जशीं ऐकूं आलीं तशीं, आज जगांतील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञाला लिहावीं लागतात. इंद्रायणींतील एका माशाचें नाक मधोमध खोबणी पडून दुभंगल्यासारखें दिसतें. त्याचें नांव साइक्सनें 'नुक्ता' असें लिहिलें आहे. तें वाचून आपल्या 'नकट्या'ची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आपल्या जिल्ह्याशीं जवळचें नातें असलेला मासा म्हणजे 'विगर्सी'. त्याचें ठिकाण साइक्सनें 'भीमा नदी, पेरगांव' असें दिलें आहे. घोड नदीला 'गोरे' लिहिणाऱ्या या लेखकाच्या लेखणींत 'ड'चा 'र' होत असे. तेव्हां हें श्रीगोंदें तालुक्यांतील आपलें पेडगांव, असें मला वाटतें. बहादुरगडाच्या तटाखालीं, भीमेच्या डोहांत कोणा एका भोयानें जाळें उचललें, साहेबानें विचारलें, "याचें नांव काय?" आणि त्या प्रश्नांतून शास्त्राचें एक पान लिहिलें गेलें. मात्र ज्यांनीं उत्तरें दिलीं, त्या भोयांपैकीं कोणाचेंहि नांव जगाला ठाऊक नाहीं. साइक्सला जो प्रश्न सुचला, तो आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला सुचला. मधल्या दोनशें वर्षांत आमच्या घराण्यांतील एकालाहि तो सुचला नाहीं, याचीच लाज वाटावयास पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, आपल्या घरांत मासा शिजत नाहीं. त्याचें नांव जाणून काय करावयाचें? मी उत्तर देतों: वाघहि आपल्या घरांत शिजत नाहीं, पण त्याचें नांव मुलाला पहिल्या वर्षीं शिकवितों. जें ताटांत नाहीं तें ज्ञानांतहि नसावें, असा नियम आपल्या पूर्वजांनीं तरी केलेला नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारें आमिष, गळ टाकण्याची रीत, अशा गोष्टींचें त्यांत वर्णन आहे. आपल्या काळांतील थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गीर्वाणवाणीला माशाचा विटाळ झाला नाहीं. मग आमच्या माजघरांतील गप्पांनाच तो कां व्हावा?

आणि ही केवळ नांवांची हौस नाहीं. आबांनीं ज्या चिलापीचा उल्लेख केला, ती म्हणजे आफ्रिकेंतील तिलापिया. ती १९५२ सालीं भारतांत आणली गेली. या माशाची मादी अंडीं आणि पिल्लें तोंडांत सांभाळते, त्यामुळें ती झपाट्यानें वाढते. आणि धरणांचें संथ पाणी तिला मानवतें. भोई-कोळ्यांच्या घरांत तिनें चार पैसे आणले, हें नाकारतां येणार नाहीं. पण खळाळत्या धारेंत दगड धरून राहणारा मळ्या संथ पाण्यांत काय करील? साइक्सनें एल्फिन्स्टनचें नांव दिलेल्या त्या सर्पाकृति माशाची कथा तर याहून करुण आहे. हे मासे समुद्रांत जन्मतात. बोटभर असतांना नदीच्या मुखांतून वर चढूं लागतात. वर्षानुवर्षें नदींत वाढतात, आणि शेवटीं अंडीं घालण्यासाठीं पुन्हां समुद्राकडे जातात. गोदावरींतून प्रवरेंत यावयाचें तर त्यांना बंगालच्या उपसागरापासून अर्धा देश ओलांडावा लागतो. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणानें आपल्या शेतांना पाणी दिलें. परंतु एवढा प्रवास करून वर येणाऱ्या माशापुढें अशी भिंत उभी राहिली, म्हणजे त्याची वाट खुंटते. जो मासा दिसेनासा होतो त्याचें नांवहि बोलण्यांतून जातें, आणि नांव गेलें म्हणजे तो गेल्याचें दुःख करावयासहि कोणी उरत नाहीं.

तेव्हां ज्या घरांत असा छंदिष्ट मुलगा किंवा मुलगी असेल, त्या घरच्या मंडळींना अनुभवाच्या चार गोष्टी सुचवितों. पहिली, घरांतील एक कोनाडा मुलांच्या हवालीं करावा, आणि त्यांना विचारल्याशिवाय तो झाडूं नये. दुसरी, प्रत्येक वस्तूसोबत ती कोठें व कोणत्या दिवशीं मिळाली हें वहींत लिहावयास लावावें. ठिकाण ठाऊक नसलेला दगड कितीहि सुंदर असला तरी मुका असतो. तिसरी, दरडींत रुतलेलें हाड किंवा हत्यार दिसलें, तर तें उकरूं नये. तें कोणत्या थरांत आहे यावरच त्याचें वय कळतें. उकरलें कीं ती साक्ष बुडाली. जागा टिपावी, छायाचित्र घ्यावें आणि जाणत्यांना कळवावें. चवथी, जिवंत प्राणी पाहून झाल्यावर जेथला तेथें सोडावा. पारनेर तालुक्यांत निघोजजवळ कुकडीच्या पात्रांत खडकाला पडलेले रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यांत सांपडलेले गोटे फिरून फिरून ते कोरले गेले. देवीच्या दर्शनास आपण जातोंच. तेव्हां मुलांना तासभर त्या खडकावर बसूं द्यावें. परीक्षेच्या गुणांत याचा उपयोग काय, असें कोणीं विचारल्यास खुशाल सांगावें कीं कांहीं नाहीं. पाहण्याची आणि विचारण्याची संवय लागली, म्हणजे पुष्कळ झालें.

आणि पांचवी गोष्ट माझ्या मतें सर्वांत मोठी. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावें. मग तो भोई असो, गुराखी असो, विहीर खणणारा असो, कीं आपल्याच घरांतील जपमाळ ओढीत बसलेली आजी असो. विचारतांना वहींत त्याचें नांव लिहावें.

ही शेवटची कल्पना माझी नव्हे. त्या सुटींत मुलगा रोज सकाळीं आबांकडे जाऊं लागला. मीं त्याला तो पत्र्याचा डबा परत दिला. त्यांत त्यानें दगड भरले नाहींत. एक वही ठेविली. निघावयाच्या आदल्या रात्रीं ती त्यानें मला दाखविली. सतरा माशांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. नांव, नदी, तारीख, खूण असे रकाने त्यानें आंखले होते, आणि शेवटचा रकाना होता 'कोणीं सांगितलें'. मळ्यापुढें त्या रकान्यांत आबांचें पूर्ण नांव होतें. मरळीपुढें लिहिलें होतें: 'आजी'.

दिवाळी जवळ आली आहे. घरोघर माळे झाडले जातील. एखादा जड डबा हातीं लागला, तर तो उघडण्यापूर्वीं त्याच्या धन्याला हांक मारावी, एवढीच माझी वाचकांस विनंति आहे.